सोळा खणांची पेटी

रोहा
१२ जून १९९५

प्रिय सिपोरा आत्या,

काल, रविवारी, पेणला जे घडलं ते असं:

१. सकाळी सव्वानऊला रामवाडीत दिनानाथ यांच्या गणपतीच्या कारखान्यात पोहोचले. वादन साडेनऊला सुरू होणार होतं.

२. दहा चाळीसला सुरू झालं. वाजवणाऱ्या गिरजाबाईंची म्हैस सुटली होती.

३. तुझी हातघंटांची पेटी उघडली. पेटीत सोळा खण आहेत. घंटा चौदा निघाल्या.

४. वादक सात. प्रत्येकाकडे दोन घंटा, एका घंटेचा एकच स्वर.

५. एकच चाल वाजवली: गिरजाबाईंच्या आईची जात्यावरची ओवी, तू १९६३ साली बसवलेली. तीच तीन वेळा.

६. भिंतीवर तुझ्या अक्षरातला तक्ता आहे. त्याप्रमाणे चालीत चौसष्ट ठोके. त्यांपैकी अकरा ठोक्यांना कुणीच काही वाजवलं नाही. तिन्ही वेळा तेच अकरा.

७. चहा आणि पोह्याचे पापड झाले. मी साडेबाराच्या एस.टी.ने निघाले.

बाबा होते तोवर दर वर्षी तेच जाऊन ऐकून यायचे आणि तुला कळवायचे. त्यांनी ठेवलेल्या नकला मी पाहिल्या. प्रत्येक पत्रात तेच वाक्य आहे: "मंडळी छान वाजवतात." बाबांना एक तर स्वरातलं कळत नव्हतं, किंवा कुणाचं मन मोडवत नव्हतं. माझ्याकडे मीटर आहे आणि दुसरी अडचण मला नाही, म्हणून माझं पत्र वेगळं होईल.

धाटावच्या कंपनीत माझं कामच ते आहे. प्रेशर गेज असो की थर्मामीटर, ते खरं बोलतंय की खोटं, ते तपासायचं. तिथला फ्रिक्वेन्सी मीटर रीतसर नोंद करून नेला होता. चौदाही घंटा स्वरात आहेत. याचं श्रेय ज्याने त्या ओतल्या त्याला. वाजवणाऱ्यांपासून त्या अजून वाचल्या आहेत, एवढंच. पांढरे हातमोजे तू ठेवून गेली होतीस. ते पेटीच्या तळाशी घडी घातलेले आहेत, नवे कोरे. गिरजाबाई पदराने घंटा धरतात आणि चिंचेने घासतात. हैबतराव एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले, पण घंटा अशी हलवतात की आत्ता गाडी सुटेल. दिनानाथ यांच्या घंटांवर गुलाबी बोटं उमटली आहेत, कारण ते मधेच उठून एका उंदराला रंग देऊन आले. उरलेल्या चौघांचं वर्णन करण्याइतका हा कागद मोठा नाही.

सगळ्यात हास्यास्पद ते अकरा ठोके. एखादा स्वर चुकला तर समजू शकते. हे चुकत नाहीत. एकदम थांबतात, सगळे, अगदी वेळेवर, आणि पुन्हा सुरू करतात. एवढी एकच गोष्ट त्यांना अचूक जमते. रांगेत दिनानाथ आणि गिरजाबाई यांच्यामध्ये एका माणसाची जागा रिकामी होती, म्हणून मी मीटर घेऊन तिथे उभी राहिले. गिरजाबाई म्हणाल्या, "तिथं नको गो उभी ऱ्हाऊ. हिकडं ये." कारण विचारलं तर म्हणाल्या, "वारा लागंल." तिथे वारा नव्हता.

दोन घंटा कुठे गेल्या ते पुढच्या खेपेला विचारणार आहे. क्रमांक मी वहीत लिहून ठेवले आहेत.

तुझी,
दीना


लोद, इस्रायल
२२ जून १९९५

चि. दीना हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी तुला ऐकायला पाठवलं होतं. मोजायला कुणी सांगितलं होतं?

तू हासाजीची मुलगी शोभत नाहीस, असं रागाने म्हणणार होते; पण तो लहानपणी आईच्या बांगड्याही मोजायचा, तेव्हा शोभतेस. ती माणसं शिकलेली नाहीत, हे मला माहीत आहे. मुंबईच्या मिशन दवाखान्यातली मेट्रन मायदेशी परत जाताना मला ती पेटी देऊन गेली, तेव्हा पेणात वाजवायला कोण तयार होतं? माझ्या शाळेतले मास्तर हसले. दिनानाथ आला, कारण मी त्याच्याकडून शाळेचा गणपती घ्यायची. गिरजा आली, कारण तिला ठाऊक नव्हतं की यात लाजायचं असतं. आठ जण झालो. शेवटचा गणपती कारखान्यातून गेला की त्या रिकाम्या मांडवात आम्ही वाजवायचो. तिथे आवाज कसा फिरतो ते तू ऐकलं नाहीस. या वर्षी जा. मीटर घरी ठेव.

घंटांचं विचारत बसू नको. जुन्या वस्तू इकडेतिकडे होतातच.

इथे काल नवसाचा पोह्यांचा मलिदा केला. इथले पोहे म्हणजे पुठ्ठा. पेणचे असते तर! गुडघ्याचं ऑपरेशन झालं की पुढच्या वर्षी तिकडे यायचं म्हणते आहे.

तुझी आत्या,
सिपोरा


रोहा
३ जुलै १९९५

प्रिय आत्या,

तू विचारू नको म्हणालीस. पेटीच्या झाकणावर तुझं नाव आहे आणि ती सांभाळायची म्हणून बाबांनी मला सांगितलं होतं, तेव्हा विचारणं भाग होतं. काल पुन्हा गेले. तिघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न केला: दोन घंटा कुठे आहेत?

दिनानाथ: "पुरात गेल्या. नागोठण्याला कार्यक्रमाला नेल्या होत्या, एकोणनव्वद साली."

हैबतराव: "त्या? त्या एस.टी.त राहिल्या. महाड डेपोत चौकशी केली, नाय मिळाल्या."

गिरजाबाई: "उंदरांनी नेल्या असतील गो. कारखान्यात गनपतीपरीस उंदीर जास्त."

एका टाकीला तीन गेज लावले आणि तिन्ही वेगळे आकडे दाखवू लागले, तर आम्ही तिन्ही उतरवतो. खोटं बोलायचं तर आधी आपसात ठरवून घ्यावं, एवढीही अक्कल या मंडळाला नाही. मी तिघांना एकत्र उभं करून तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. मग मी दिनानाथ यांना म्हटलं, "पेटी तुमच्या घरात, किल्ली तुमच्या कमरेला. पितळेला भाव आहे. चोरीला चोरी म्हणायला मला संकोच वाटत नाही."

त्या वेळी नागोठण्याच्या एका मंडळाची तीन माणसं मूर्ती ठरवायला आली होती. त्यांनी ऐकलं. दिनानाथ त्यांना एवढंच म्हणाले, "बसा, चहा सांगतो." ती बसली नाहीत.

मी पेटी ताब्यात घेतली. दोन घंटा परत येईपर्यंत ती रोह्याला माझ्याकडे राहील. ३१ ऑगस्टपर्यंत आल्या नाहीत तर चौदा घंटा मुंबईच्या एखाद्या शाळेला देईन. तिथे निदान कुणी हातमोजे घालेल.

पेटी जड होती. हैबतराव ती स्वतः उचलून स्टँडवर घेऊन आले. त्यांनी कंडक्टरला नावाने हाक मारली, मला खिडकीची सीट मिळवून दिली आणि पेटी सीटखाली नीट सरकवून म्हणाले, "वडखळला खड्डा हाय, पाय लावून धरा." ज्यांच्या घंटा जप्त केल्या त्यांनीच जप्तीला हातभार लावला. अशा माणसांविषयी आदर वाटायचा तर तो कुठून आणायचा?

दीना


रामवाडी, पेण
१० जुलै १९९५

कुमारी दीना यांस,
स. न. वि. वि.

आपण विचारलेल्या दोन घंटांविषयी खुलासा करतो. पुराची गोष्ट खोटी होती. हैबतराव आणि गिरजाबाई यांनी सांगितलं तेही खरं नाही. ते माझ्यासाठी बोलले, त्यांना दोष देऊ नये. त्या घंटा माझ्या ताब्यातून गेल्या. कुठे, ते लिहीत नाही. जबाबदारी माझी.

आपण मला जे म्हणालात ते मी स्वीकारतो. या पत्राची तारीख धरून मी मंडळ सोडतो आहे. माझ्या दोन घंटा वाजवायला हैबतरावांची सून शांती तयार आहे. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. उरलेल्या सहा जणांचा यात काही अपराध नाही. रविवार, २७ ऑगस्टला कारखाना रिकामा होईल. त्याआधी पेटी त्यांना परत मिळावी, एवढी विनंती. त्या दिवशी मी बाहेर थांबेन.

गेल्या खेपेस आपली छत्री इथे राहिली. हैबतरावांबरोबर पाठवतो आहे.

आपला,
दिनानाथ


लोद
१५ जुलै १९९५

चि. दीना,

हे काय केलंस? पेटी परत नेऊन दे. आजच.

दिनानाथ चोर नाही. त्याला चोर म्हणणाऱ्याची जीभ झडो, असं मी दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं. तू भाची आहेस म्हणून एवढंच लिहिते, की तुला काही माहीत नाही आणि तुला ते कळतही नाही.

एका सात आणि आठसाठी एवढा तमाशा! त्या दोन नसल्या म्हणून काय बिघडलं? चौदांवर कितीतरी चाली बसतात. मी असते तर दुसरी बसवून दिली असती. माणसं गेली, गावं गेली, रोह्याच्या अष्टमीतली आपली आळी रिकामी झाली, आणि तू पितळ मोजत बसली आहेस.

रात्रभर झोप नाही. डॉक्टर म्हणतात, रक्तदाब वाढला आहे. हा विषय आता पुरे.

माझा एलियास ऑफिसच्या कामासाठी २३ ऑगस्टला मुंबईत उतरतो आहे. दोन दिवस रोह्याला येईल. त्याच्याबरोबर तुला काय पाठवू ते कळव. इथले खजूर चांगले असतात.

सिपोरा


रोहा
१ ऑगस्ट १९९५

आत्या,

तुझं पत्र शुक्रवारी, २८ तारखेला मिळालं. त्याआधी दिनानाथ यांचं आलं होतं. ते मी फाइलला लावलं होतं. माणसाने कबुली दिली, सही केली, माझ्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. कबुलीत "कुठे, ते लिहीत नाही" असं होतं, तिथे मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. ही चूक माझी.

तुझ्या पत्रात मात्र थांबले. तू लिहिलंस, "एका सात आणि आठसाठी". कमी असलेल्या घंटांचे क्रमांक मी तुला कधी कळवले नाहीत. माझ्या दोन्ही पत्रांच्या नकला मी तपासल्या. क्रमांक फक्त माझ्या वहीत आहेत. सात आणि आठ.

रविवारी पेटी घेऊन पेणला गेले. सगळे होते. दिनानाथ फाटकाबाहेर मातीचं पोतं सोडत होते. त्यांना आत बोलावलं. पेटी पाटावर ठेवली आणि विचारलं, "सात आणि आठ आत्याकडे आहेत?"

हैबतरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. गिरजाबाई म्हणाल्या, "कोन बोललं तुला?"

"तीच."

"लिवलंन?"

"चुकून."

गिरजाबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "चोवीस वर्सं आमी तोंडं दाबून धरली, नि उगडलं कोनी? तिनंच!" मग डोळे पुसत म्हणाल्या, "निघाली तवा लय रडत व्हती गो. बोलली, गिरजे, माज्या दोन मी नेतंय, त्यांच्यावाचून माजा जीव जाईल. वरीसभरात येतंय, येताना आनतंय. तवर माजी जागा कोनाला देव नका. आमी बोललो, नाय देनार."

"आणि तुम्ही दिली नाहीत."

"कशी देनार? बोललो ना!"

म्हणजे ते अकरा ठोके तुझे होते. सात आणि आठ चालीत अकरा वेळा येतात. तक्त्यावर मोजून पाहिलं. तुझ्या स्वरांपुरते ते थांबतात. मधल्या काळात मंडळातले तीन जण वारले. त्यांच्या जागी नवे आले, त्यांना चाल शिकवली ती भोकांसकट. त्यातल्या दोघांनी तुला पाहिलेलंही नाही. तुझी वाट पाहायला ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून शिकले.

मी दिनानाथ यांना विचारलं, "मग मला खरं का सांगितलं नाहीत?"

ते म्हणाले, "तुम्ही लिहून घेत होतात. सिपोराबाईंनी घंटा नेल्या, असं कागदावर जायला नको होतं. तुमच्या वडिलांनाही सगळं ठाऊक होतं. त्यांनी कधी लिहिलं नाही."

"आणि तुम्हाला चोर म्हटलं, ते?"

"ते तोंडी होतं," ते म्हणाले.

पेणहून परतताना नागोठण्याला उतरले आणि त्या मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. त्यांनी मूर्ती दुसरीकडे ठरवली आहे, ती आता फिरणार नाही. चोर दिनानाथ नाहीत, एवढं मी त्यांच्या कार्यकर्त्यांसमोर सांगितलं. एकाने विचारलं, "मग कोन?" मी म्हटलं, "आमच्या घरातलं माणूस." हे तुला कळावं म्हणून लिहिते.

तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी, शिफ्ट संपल्यावर, वर्कशॉपमध्ये भंगारातल्या स्टीलच्या नळीचे दोन तुकडे कापून घेतले होते. सहा आणि नऊ क्रमांकांमध्ये कोणते स्वर बसतात ते मोजून, कानशीने घासून, एका हर्ट्झच्या आत आणले. रविवारी ते बरोबर होते. सगळं बोलून झाल्यावर मी नळ्या काढल्या, वाजवून दाखवल्या आणि दिनानाथ व गिरजाबाई यांच्यामधल्या जागेत उभी राहिले.

गिरजाबाई म्हणाल्या, "आवाज बरोबर हाय. पन तिथं नाय."

मी म्हटलं, ती येणार नाही. चोवीस वर्षांत आली नाही, आता साठी उलटली, गुडघे गेले.

"आमाला म्हाईत नाय व्हय?" त्या म्हणाल्या. "पन तिनं तसं सांगितलं नाय."

हैबतरावांनी समजावून सांगितलं, मी लहान मूल असल्यासारखं. "सीट रिझर्व्ह हाय. पॅसेंजर आला नाय म्हनून दुसऱ्याला देता येत नाय. ज्याची हाय त्यानं कॅन्सल करावी लागते."

या माणसांविषयीचं माझं मत फारसं बदललेलं नाही. ती उशिरा येतात, पदराने घंटा धरतात आणि एका वाक्याला चोवीस वर्षं धरून बसतात. इतका नीट जपलेला मूर्खपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पण त्यात लबाडी नाही. ते तीन वेगवेगळी खोटी उत्तरं देत होते, तेव्हाही त्यांच्यात लबाडी नव्हती. खरं काय ते जिला माहीत होतं, जी पुढच्या वर्षी येईन असं दर वर्षी लिहीत होती, आणि दिनानाथ यांना चोर ठरवल्याचं कळल्यावरही जिने मला कबुलीऐवजी खजूर देऊ केले, ती आमच्या घरातली शिकलेली बाई. तुझी बाजू मी दोन दिवस शोधते आहे. तू एकटी होतीस, तिथे तुझ्या हातांना ओळखणारं कुणी नव्हतं, हे मी समजू शकते. एक वर्ष समजू शकते. पाचही. त्यापुढची मला समजत नाहीत.

पेटी मी पेणलाच ठेवून आले. दिनानाथ यांचं मंडळ सोडल्याचं पत्र त्यांना परत दिलं. त्यांनी त्याची घडी करून गणपतीच्या डुगडुगणाऱ्या पाटाखाली सारली.

काय पाठवू, असं तू विचारलंस. खजूर नकोत. पुढीलपैकी एक काहीतरी हवं आहे. एलियासबरोबर सात आणि आठ पाठव. मी मुंबईला जाऊन त्या उतरवून घेईन आणि २७ तारखेला त्या वाजतील. किंवा घंटा ठेवून घे, आणि मी येणार नाही, जागा सोडली, असं गिरजाबाईंच्या नावाने एका ओळीत लिहून खाली सही कर. तसं आलं तर त्या जागी मी नळ्या घेऊन उभी राहीन. त्यांनी मला उभं राहू दिलं तर.

पुढच्या वर्षी येते, हे उत्तर मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

टपालाला दहा दिवस लागतात, म्हणून तारेने कळवलंस तरी चालेल. शुक्रवार, १८ ऑगस्ट १९९५ पर्यंत उत्तर मिळावं.

दीना